मेजाखालचा जेवणारा

हे या खानावळीत कुणालाही पटायचं नाही, पैजेवर सांगतो. आमच्या सिसिलीत न्यूमेरियस नावाचा रोमचा अधिकारी होता. त्यानं ऑलस तेलवाल्याला बंडखोर ठरवलं आणि भर चौकात ओंडक्यावर मान ठेवायला लावली. ऑलस ओरडला, "मी रोमचा नागरिक आहे! माझं गाऱ्हाणं रोमला ऐकू द्या! त्या दिवशी मी—"

"उरक रे," न्यूमेरियस कुऱ्हाडवाल्याला म्हणाला. "घरी मासा निवतोय."

मुंडकं टोपलीत पडलं. वाक्य अर्धंच राहिलं.

घरी येऊन न्यूमेरियस मेजाशेजारच्या जेवायच्या बिछायतीवर कलंडला, माशाचा तुकडा उचलला, तर तो बोटांतून निसटला. आमच्याकडे जेवताना खाली पडलेलं मेलेल्यांचं. ते कुणी उचलत नाही. त्यानं दुसरा घेतला. तोही पडला. पडल्याचा आवाज मात्र आला नाही.

तेव्हापासून एक घास तोंडापर्यंत जाईना. बायको टर्शिया भरवायला बसली, तर तिचीच बोटं आपोआप उघडली. जेवण झाल्यावर फरशी पाहावी तर लख्ख. काटा नाही, कण नाही. कुत्रं मेजाजवळ फिरकेना. न्यूमेरियस इतका वाळला, की एकदा शिक्क्याची अंगठीच बोटातून गळून मेजाखाली गेली. जरा वेळानं घरंगळत परत आली. ओली होती.

"अहो, ऐकून घ्या ना त्या ऑलसचं एकदा," टर्शिया रडकुंडीला आली. "मरायला टेकलात."

"रोमच्या अधिकाऱ्यानं मेजाखाली दरबार भरवायचा?"

"मग चितेवर भरवा! तिथं ऐसपैस जागा असते."

शेवटी एका दुपारी, उभं राहायचंही त्राण उरलं नाही तेव्हा, न्यूमेरियस रांगत मेजाखाली शिरला. बाहेर ऊन रणरणत होतं. आत विहिरीच्या तळासारखा गारठा. अंधार तर मेजाच्या सावलीपेक्षा कितीतरी खोल. त्या अंधारात, हाताच्या अंतरावर, कुणीतरी सावकाश चावत होतं.

"बोल, ऑलस," तो कसाबसा म्हणाला. "या खेपेला अडवणार नाही. त्या दिवशी तू काय?"

चावणं थांबलं. ऑलसनं घास गिळला. ओठ पुसले. तोंड उघडलं आणि—

"थांबा, थांबा, आजोबा!" खानावळीच्या कोपऱ्यातून फौस्ता कुंभारीण खेकसली. "मुंडकं टोपलीत गेलं ना त्याचं? मग उघडलं कुठलं तोंड?"