कॅन्ससात न चालणारं कार्ड

व्हर्नाच्या पायांची दिवसरात्र आग आग व्हायची, म्हणून ओक्लाहोमा सरकारने तिला औषधी गांजाचं कार्ड दिलं होतं. थोरला भाऊ लेलँड तासाभराच्या वाटेवरच राहायचा, पण शेजारच्या कॅन्सस राज्यात. आणि कॅन्ससला गांजाचं नावसुद्धा खपत नाही. लेलँडच्या हाडांत कर्करोग शिरला होता. मॉर्फिन घेतलं की तो दिवसभर झोपायचा, उतरलं की कण्हत बसायचा. फोनवर म्हणाला, "व्हर्ने, तुझ्या त्या गांजाच्या गोळ्या आण गं थोड्या. उरलेत ते दिवस जागेपणी तरी जगू दे."

तिने गोळ्यांची डबी पर्समध्ये टाकली नि निघाली. राज्याच्या सीमेअलीकडे गांजाचं शेवटचं दुकान लागतं. तिथे ती आणखी घ्यायला थांबली.

"पलीकडे चाललात?" दुकानवाल्या बाईने विचारलं.

"भावाकडे. कार्ड आहे की माझ्याजवळ."

"हे काय गाडीचं लायसन्स आहे, आजी? तिकडे दाखवलंत तर आपल्याच हाताने पुरावा द्याल. आणि भावाला दिल्यात तर इथेसुद्धा गुन्हाच."

आता घ्या! तोच रस्ता, तोच गहू, मधे एक पाटी. अलीकडे औषध, पलीकडे तुरुंग. कुणाच्या डोक्यातून निघतात असले कायदे, देव जाणे. व्हर्नाला रडू फुटायचंच बाकी होतं. तरी ती आल्या पावली घरी गेली, डबी कपाटात ठेवली आणि पुन्हा निघाली.

लेलँड खिडकीपाशी खुर्चीत होता. "आणल्यास?"

"नाही."

"लहानपणापासूनची भित्री भागूबाई तू."

"आहेच मी भित्री. म्हणून आता तूच चल. माझ्याकडे राहायला आलास की तुझं स्वतःचं कार्ड निघेल."

ओक्लाहोमावाल्यांना नावं ठेवण्यात या माणसाचा जन्म गेला होता. याच घरात जन्मलो, मरेन तर इथेच, असं त्याने गावभर सांगून ठेवलं होतं. तेवढ्यात कळ आली. त्याने खुर्चीचा हात आवळून धरला, ओठ पांढरे पडले. बघताना व्हर्नाचा जीव तीळतीळ तुटला.

कळ ओसरल्यावर तो म्हणाला, "तळघरात जा. पाण्याचा मोठा नळ बंद करून ये."

"आत्ता? तो कशाला?"

"थंडीत पाणी गोठून पाइप फुटतात. घरात कुणी नसणार ना."