शनिवारची झारी

बाबांच्या आधी कुणी वाइनला नाक लावायचं नाही, हा त्या घरातला एकच कायदा. बाकी काही विचारू नका. जेवायला कधी बसायचं, दार कुणी लावायचं, कशाचा कशाला मेळ नसे. पण पिंपाचं बूच निघालं की पहिला वास बाबांचा, पहिला घोट बाबांचा. शेजारी झारी धरून उभं राहणाऱ्याने बोलायचं नाही आणि तोंडही वाकडं करायचं नाही, कारण त्याने म्हणे चाखणाऱ्याचं मन बिघडतं. आजोबा इटलीत नऊ वर्षं राबून ही वाइन शिकले आणि वाइनबरोबर हा कायदाही घेऊन आले. तो तिकडचा होता की आजोबांनीच वाटेत रचला, देव जाणे.

थोरली या कायद्यातच वाढली. चाळिशी उलटली, केस पिकले, तरी तळघरात ती झारी धरणारीच. त्याचं तिला वाईटही वाटत नसे. बाबांचं नाक होतंच तसं. कोणत्या कोपऱ्यात ओल आहे ते दारातून सांगायचे. धाकटा चोरून सिगरेट ओढून आला, तर कोणती ओढली तेही सांगायचे. व्यापारी त्यांना तोंडावर साहेब म्हणत आणि पाठ फिरली की नाकोबा.

वाइन करायची रीत म्हणजे चिकाटीचं काम. काळी द्राक्षं तोडायची, माळ्यावर जाळ्यांवर एकेरी पसरायची आणि शंभर दिवस सुकू द्यायची. वारा बघून खिडक्या उघडायच्या, मिटायच्या. बुरशी धरलेला मणी दिसला की उचलून टाकायचा. द्राक्षं निम्मी आटली की मग रस काढायचा. दाट, काळपट, घोट गिळला तरी जिभेवरून न उतरणारी वाइन व्हायची. वर्षाला सात पिंपं, त्यावर एक नाही.

तो माळा आईचा. तीन वर्षांपूर्वीची द्राक्षं तिनेच पसरली, तिनेच राखली, आणि वाइन पिंपांत गेल्यावर दोन महिन्यांनी ती गेली. पोटात दुखतंय म्हणाली, दवाखान्यात नेली, आठव्या दिवशी सगळं आटोपलं. तेव्हा ही सात पिंपं म्हणजे नुसती वाइन नव्हती. आईच्या हातचं आता एवढंच उरलं होतं. तीन वर्षं सगळं घर त्या बाटल्या भरायच्या दिवसाकडे डोळे लावून बसलं होतं.

पिंपाचं लाकूड आतली वाइन थोडी थोडी पीत असतं. वर पोकळी झाली की हवा बसते, आणि हवा बसली की वाइनचं व्हिनेगर होतं. म्हणून दर शनिवारी प्रत्येक पिंप काठोकाठ भरायचं. त्यासाठी त्याच वर्षाची वाइन एका लहान पिंपात वेगळी ठेवलेली असे, त्याला घरात 'पिल्लू' म्हणत. आता भर घालता घालता पिल्लूही रिकामं होणार, त्यातही हवा बसणार, आणि तसली आंबलेली वाइन विरजणासारखी सगळ्या पिंपांत पडणार. म्हणून ते अर्ध्यावर आलं की आई उरलेली वाइन काचेच्या बरण्यांत गळ्यापर्यंत भरून ठेवायची आणि एकेक बरणी वापरायची. ती हे कधी करायची, कुणी पाहिलं नव्हतं. घरातली निम्मी कामं अशीच होतात, करणारं माणूस गेल्यावर कळतात.

बरं, तिने सांगून ठेवलं नव्हतं असंही नाही. पिल्लूच्या पुढच्या फळीवर खडूने साल लिहिलं होतं आणि खाली एक ओळ होती: 'अर्धं झालं की बरण्यांत काढा.' आई गेली आणि बाबांनी त्या फळीला कुणाला हात लावू दिला नाही. तिचं अक्षर पुसेल म्हणाले. जाळी झाली तरी फडकं फिरवायचं नाही. थोरलीही दर शनिवारी ते अक्षर बघत उभी राहायची. अहो, पण लिहिलेलं वाचायचं असतं ना! दोघांनी त्यातली वेलांटी न् वेलांटी पाठ केली आणि सांगितलेलं काम मात्र कुणी केलं नाही. पिल्लू अर्धं झालं, अर्ध्याखाली गेलं, आणि दोघं त्यातूनच झारी भरत राहिले.

वर्षभरापूर्वीच्या एका शनिवारी झारी उचलताना थोरलीच्या नाकात काहीतरी चरचरलं. नखांचा रंग पुसायचं औषध असतं ना, तसलं. तिने बाबांकडे पाहिलं. बाबांनी झारीवर नाक धरलं, डोळे मिटले, क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चढतेय, छान मुरतेय. धर."

तिने झारी धरली. तिला वाटलं, आपल्यालाच सर्दी झाली असेल. हाताच्या साबणाचा वास असेल. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. पण बाबांना कळलं नाही आणि आपल्याला कळलं, असं आजवर कधी झालंय का? ती चेहरा कोरा ठेवून उभी राहायची. सहा पिंपं बाबा स्वतः भरायचे. सातवं जिन्याखाली होतं. तिथे वाकायला बाबांच्या गुडघ्यांची तयारी नव्हती, म्हणून ते थोरलीकडे. ती जमिनीवर कुशीवर आडवी व्हायची, बूच काढायची आणि त्याच झारीने भर घालायची.

अखेर बाबांनी 'झाली' म्हटलं. बाटल्या धुऊन उपड्या घातल्या गेल्या. धाकटा बाहेरची विक्री बघायचा, त्याने जुन्या व्यापाऱ्याला बुधवारी दुपारी बोलावलं. व्यापारी गप्पिष्ट माणूस, पायऱ्या उतरतानाही त्याची टकळी चालू होती. पहिल्या पिंपाचा ग्लास त्याने नाकाशी नेला आणि गप्प झाला. घोट न घेताच ग्लास ठेवला. दुसऱ्याचा वास घेतला, तिसऱ्याचा घेतला. मग अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, की साहेब, हे तुम्ही स्वतः तपासलंय ना? बाबा म्हणाले, दर शनिवारी. व्यापाऱ्याने मान हलवली, फोन करतो म्हणाला, आणि कुणाच्या नजरेला नजर न देता वर निघून गेला.

धाकट्याने मग कायदाबियदा गुंडाळून ठेवला. एकेका पिंपाचा घोट घेतला आणि थुंकला. सहावं झाल्यावर त्याने पालथ्या हाताने तोंड पुसलं.

"व्हिनेगर आहे, बाबा. सगळं."

बाबांनी त्याच्या हातातला ग्लास घेतला. बराच वेळ नाकाशी धरून उभे राहिले. थोरलीला वाटलं, आता ओरडतील, ग्लास नीट धुतला नाही म्हणतील. तसं त्यांनी म्हणावं अशी तिची फार इच्छा होती.

"मला काही येत नाही," बाबा म्हणाले. "ती गेली त्या थंडीत मला ताप आला होता बघ. तेव्हापासून कशाचाच वास येत नाही. दूध करपलं तरी नाही."

 आंबट तरी लागलं असेल, असं धाकटा पुटपुटला. बाबा म्हणाले, लागत होतं, पण ही वाइन कोवळी असताना आंबटच लागते, उतरेल म्हटलं. आणि वासाचं काय, आज येईल, उद्या येईल असं वाटत राहिलं. निदान तिच्या वाइनची बाटली उघडू तेव्हा तरी येईल, असं वाटलं. सांगितलं असतं तर तळघरात मग माझं काम काय होतं?

"मग चढतेय, झाली, हे कशावरून म्हणत होतात?" धाकट्याने विचारलं.

बाबांनी थोरलीकडे बोट केलं. "हिच्या तोंडावरून. हिचं नाक माझ्यावर गेलंय. काही बिघडलं असतं तर हिला कळलं असतं. ही गप्प आहे म्हणजे ठीक आहे, असं धरून चालायचो."

थोरली मागे सरकली. तिने पिल्लूचा आधार घेतला, आणि तीन वर्षं जपलेली खडूची ओळ तिच्या तळव्याखाली पुसली गेली. तिच्या ते ध्यानातही आलं नाही.

तेवढ्यात बाबांचा चेहरा एकदम उजळला. इतका, की तिला तो बघवेना.

"अरे, सातवं!" ते म्हणाले. "सातव्याला मी हातच लावलेला नाही. ते हिने भरलंय. स्वतःच्या हाताने ही बिघडलेलं ओतायची नाही. तुमच्या आईची पिंपभर तरी राहिली म्हणायची."

धाकटा ग्लास घेऊन जिन्याकडे वळला. थोरलीला सगळे शनिवार आठवले, थंडगार फरशी, कानाशी आलेलं बूच, आणि ते चरचरणं नाकात असताना आपल्याच हाताने केलेली धार. बाबांना वास येत नव्हता. तिला येत होता.

"कसं आहे गं सातवं?" बाबांनी विचारलं.

ती काही बोलली नाही. दर शनिवारी बघायचे तसं बाबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. या वेळी मात्र तिच्या गप्प राहण्याचा अर्थ त्यांना बरोबर कळला, आणि ते भिंतीला धरून हळूहळू खाली बसले.