एका अंगानं जड

मी मिठाच्या कारखान्यातल्या चाळणीचा ठोकळा बोलतोय. बिडाचा आहे. गोल तबकडी मधोमध कापली तर जो अर्धा तुकडा हाती येईल, तसा दिसतो.

जगात सगळ्यांना समतोल हवा असतो. पंखा डुगडुगला की लोक नाकं मुरडतात, गाडीचं चाक थरथरलं की लगेच गॅरेज गाठतात. माझं उलटं. मला मुद्दाम एका अंगानं जड ओतलं. मोटरच्या दांड्यावर बसून मी गरगर फिरायचो आणि माझ्या वाकड्या वजनानं सगळी चाळणी थडथड उडायची. मी समतोल असतो तर मीठ जागचं हललं नसतं. तेव्हा मला बेढब म्हणणाऱ्यांनी जरा जपून!

चाळणीच्या डाव्या बाजूला माझी मोटर, उजव्या बाजूला माझ्या जोडीदाराची. दोघं एकाच साच्यातले, पण फिरायचो उलट दिशांनी. मी बाहेर झुकलो की तोही पलीकडे बाहेर झुकायचा, मी आत आलो की तोही आत. त्यामुळे आडवे धक्के एकमेकांत जिरायचे आणि उरायची ती सरळ वर-खाली उडी. आम्हाला जोडणारी साखळी नाही, पट्टा नाही, तरी चाल चुकत नसे. चाळणीच्या पत्र्यातून एकमेकांचा धक्का लागायचा, त्यावरून सांभाळून घ्यायचो.

आमची देखभाल एक म्हातारा फिटर करायचा. उभं आयुष्य खडखडाटात गेल्यानं कानानं अधू झालेला. पण स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरला लावून मूठ जबड्याला टेकवली की बेअरिंगच्या पोटातलं त्याला कळायचं. त्याची मुलगी तिथेच इलेक्ट्रिशियन होती. कामावर ती त्याला ‘फिटर’ म्हणायची आणि जेवणाच्या सुट्टीत ‘बाबा’.

एका सकाळी चालता चालताच जोडीदाराच्या मोटरची वीज तुटली. केबल आतल्या आत तुटली होती, वरचं रबर मात्र शाबूत. खरं तर तो थांबायलाच हवा होता. पण थांबतोय कसला! चाळणीतून जाणारे माझे धक्के त्याला फिरवतच राहिले. चाळणी रात्रंदिवस चालूच असायची; फुशारकी मारत नाही, चार दिवस मी त्याला ओढलं. फक्त तो माझ्यापेक्षा किंचित मागे रेंगाळायचा. तेवढ्यानं आमची उडी तिरकी झाली आणि मीठ एका कडेला सरकून खाली सांडायला लागलं.

कारखान्याचे साहेब उतार मोजायची लेव्हल घेऊन आले. त्यांनी ठरवलं की चाळणी कलली आहे, आणि एका बाजूच्या स्प्रिंगखाली लोखंडी चकत्या सरकवल्या. आधी एक, मग दोन, मग पाच. चाळणी वाकडी झाली, मीठ काही सरळ होईना. आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

फिटरनं शांतपणे दोन्ही मोटरवर हात ठेवले. माझी गरम होती, पलीकडची जवळजवळ गार.

“साहेब, या मोटरला वीजच पोचत नाहीये.”

“अहो, डोळ्यांदेखत फिरतेय की!”

“फिरतेय, पण स्वतःच्या जोरावर नाही. ही दुसरी तिला फिरवतेय.”

सगळे खो खो हसले. “कान गेलेच होते, आता डोकंही चाललं,” कुणीतरी म्हणालं. फिटरला ते ऐकू गेलं नाही, पण मुलीला गेलं. तिनं पॅनेलवर टेस्टर लावला. तिथून वीज बरोबर निघत होती. दोन्ही मोटरचं मिळून असलेलं विजेचं मीटर तर कधीचं एकाच आकड्यावर अडकलेलं.

“एकदा बंद करून पुन्हा चालू करा,” फिटर म्हणाला. “मेलेली मोटर आपली आपण उठणार नाही.”

“दारात दोन ट्रक उभे आहेत!” साहेब चिडले. “चाळणी बंद केली आणि काहीच निघालं नाही, तर उद्यापासून घरी बसायचं. आहे कबूल?”

मी जवळून पाहिलं, फिटरची नजर जोडीदाराच्या मोटरच्या केबलवर होती. ताठ ओढून, एका रेषेत बांधलेली नवी केबल. ती कुणी बांधली हे त्याला ठाऊक होतं. त्यानं मुलीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला त्याचा फार राग आला. अरे बाबा, तुझं खरं आहे, बोल की! पण खरं ठरलं तर पोरीची चूक उघडी पडणार होती, आणि खोटं ठरलं तर त्याची नोकरी जाणार होती.

मुलीनंही केबलकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला. मग कुणाची वाट न पाहता तिनं लाल बटण दाबलं.

थांबताना चाळणी गदागदा हलली आणि गप्प झाली. तिनं हिरवं बटण दाबलं. मी फिरायला लागलो. जोडीदार खाली तोंड घालून तसाच लोंबकळत राहिला. चाळणी अशी आडवीतिडवी नाचली की साहेबच ओरडले, “बंद करा, बंद करा!”

आता कुणी हसत नव्हतं. फिटर घाईघाईनं म्हणाला, “केबल जुनी होती साहेब, झिजली असणार.”

मुलीनं सुरीनं केबलचं रबर सोललं. आत तांब्याचे तुकडे झालेले.

“जुनी नाही साहेब. गेल्या महिन्यात मीच टाकली. टापटीप दिसावी म्हणून ताणून बांधली, ढील ठेवली नाही. हलून हलून तुटली. चूक माझी आहे, आणि फिटर खरं बोलत होते.”

साहेबांनी खाकरून घसा साफ केला. “ढील ठेवून नवी टाका. आणि फिटर, त्या चकत्या काढा.”

“पाचही?”

“पाचही. उद्या सातला या, नेहमीसारखे.”

दोघं नवी केबल टाकत होती. फिटर पुटपुटला, “कशाला बोललीस? मी सांभाळून घेतलं होतं ना.”

“म्हणूनच बोलले, बाबा. बंद पडलेल्या मोटरसारखं तुमच्या जोरावर नाही फिरायचं मला.”

म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. त्याला ऐकू आलं होतं, शब्द न् शब्द.

त्यानंतर आम्ही पुष्कळ वर्षं मीठ चाळलं. मागच्या आठवड्यात जोडीदाराला तडा गेला. मी ठणठणीत होतो, पण जोडी बदलायची तर दोघांना बदलायचं, एकट्याला नाही, असं त्या मुलीनं सांगितलं. आता कारखान्याची थोरली फिटर तीच आहे. आम्ही दोघं फळीवर पडून आहोत आणि लवकरच भट्टीत जाऊ. मला त्याचं दुःख नाही. मागणं एकच, आम्हाला वेगळं करू नका. चार दिवस मी त्याला ओढलं, ते उपकार मी मोजत नाही. पण आपली वीज गेलीय हे त्यानं मला एकदाही सांगितलं नाही. वितळायच्या आधी तेवढा जाब मला त्याला विचारायचाय.