दोनशे अकरा टेस्ट आणि एक मावशी

शुक्रवारी दुपारी चार वाजून बावन्न मिनिटांनी अकराशे चाळीसच्या अकराशे चाळीस टेस्ट हिरव्या झाल्या आणि मुंगी जिंकली. हे तुम्ही ऐकलेलं नाही. आज गुरुवार आहे, सकाळचे अकरा वाजलेत आणि मुंगीच्या स्क्रीनवर दोनशे अकरा टेस्ट लालभडक आहेत.

मुंगी हे तिचं ऑफिसातलं नाव. एकदा चिकटली की सोडत नाही, म्हणून. ऑफिस वाचनालयांसाठी सॉफ्टवेअर बनवायचं: कोणी पुस्तक नेलं, कोणी परत आणलं, कोणी चहा सांडून आणलं. त्या सॉफ्टवेअरवर पाळत ठेवणारे अकराशे चाळीस छोटे प्रोग्राम म्हणजे टेस्ट. सगळं ठीक असलं की हिरवी, चुकलं की लाल. त्या ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, चालायच्या ते इतकं म्हातारं झालं होतं की बनवणाऱ्यांनीही त्याची ओळख दाखवणं सोडलं होतं. म्हणून सगळ्या टेस्ट उचलून नव्या फ्रेमवर्कमध्ये न्यायच्या होत्या. काम कोणालाच नको होतं. मुंगीने ते मागून घेतलं, कारण त्याआधी दोन वर्षं ती हेडफोन लावून तक्रारी ऐकत होती.

ऑफिस चालवणाऱ्या मॅडमची अट साधी होती. "शुक्रवारी पाचला सगळं हिरवं. नाहीतर जुनंच चालू ठेवू, आणि तू आपली हेडफोनवर."

हेडफोन समोरच्या खुंटीवरून तिच्याकडे बघत होता. हेडफोनला डोळे नसतात. हा तरीही बघत होता.

दोनशे अकराही टेस्ट एकच रडगाणं गात होत्या: "वाचक सापडला नाही: मावशी."

ऑफिसात रुजू होणाऱ्याला पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगायचे. संडासाची कडी वर उचलून लावायची, आणि टेस्टमधल्या मावशीला हात लावायचा नाही. का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. कडीचंही ठाऊक नव्हतं.

शेवटी मुंगीने पणजोबांना फोन लावला. पहिल्या टेस्ट त्यांनीच लिहिल्या होत्या. वय त्रेपन्न, या धंद्यात तेवढ्यावर पणजोबा होता येतं.

"पणजोबा, ती मावशी कोणाची?"

"माझी. सख्खी. का गं, काय केलं तिने?"

"नऊ वर्षांपूर्वी पुस्तक घेऊन गेली, परत केलं नाही."

"हां, तशीच आहे ती. माझी छत्रीपण तिच्याकडेच आहे."

"पण दोनशे अकरा टेस्ट तिच्या जिवावर?"

"अगं, जुन्यात सगळ्या टेस्ट एकाच पाटीवर, एकामागून एक. पहिलीत मावशीला वाचक केलं, पुस्तक दिलं. पाटी पुसायची राहिली. दुसरी लिहायला बसलो तर मावशी तिथेच. म्हटलं, आयती आहे, घ्या वापरून. घरी तरी काय वेगळं? आजारपण असो, बाळंतपण असो, तिला कोणी बोलावलंच नाही. ती असायचीच."

मुंगीने स्क्रीनवरच्या लाल ओळी वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा सरकवल्या.

"नव्यात प्रत्येक टेस्टला कोरी पाटी मिळते," मुंगी म्हणाली.

"मग प्रत्येकीने आपली मावशी आपण बोलवावी की! आमंत्रण एकदा लिही. वाटायचं काम मशीन करेल."

मुंगीने आमंत्रण लिहिलं. सात ओळींचं: मावशीला वाचक करा, पुस्तक द्या. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर ते वाटायला घेतलं, आणि उत्साहाच्या भरात दोनशे अकरांऐवजी अकराशे चाळीसांना वाटलं. साडेचारला सगळ्या टेस्ट चालवल्या. हिरवी, हिरवी, हिरवी, आणि अगदी तळाला एकच लाल: "वाचनालय रिकामं हवं होतं. मावशी बसली आहे."

"जिथे कोणीच नको तिथेही पोचली?" मॅडम मागून वाकून बघत म्हणाल्या.

"मीच बोलावलं, मॅडम. तिचा काही दोष नाही."

मुंगीने ते एक आमंत्रण रद्द केलं. मशीन पुन्हा पहिल्यापासून दळायला लागलं. चार बावन्नला काय झालं ते तुम्ही ऐकलेलं नाही, पण मॅडमनी खुंटीवरचा हेडफोन स्वतः काढला, वायर गुंडाळली आणि म्हणाल्या, "हा स्टोअरमध्ये टाक. आणि सोमवारी माझ्याकडे ये. अजून दोन प्रोजेक्ट जुन्यातच कुजतायत."

"कोणाला देणार ते?"

"मुंग्या किती आहेत आपल्याकडे?"

मुंगी खुर्चीत बसली तेव्हा पाय जमिनीवर होते की नाही, हे तिने तपासलं नाही. एक गोष्ट मात्र तपासली. नव्या व्यवस्थेत मावशी जन्माला येते, पुस्तक हातात घेते आणि टेस्ट संपली की पाटीबरोबर पुसली जाते. सगळं मिळून अर्धा सेकंद. नऊ वर्षं जे पुस्तक तिच्याकडे होतं, त्याचं आता मुखपृष्ठही बघून होत नव्हतं. तेव्हा घरी निघण्यापूर्वी मुंगीने कामांच्या यादीत रीतसर नोंद केली:

"विषय: वाचक 'मावशी' यांना वाचनासाठी वेळ मंजूर करणेबाबत. महोदय, उपरोक्त वाचक या प्रकल्पात नऊ वर्षे विनातक्रार उपस्थित आहेत. सध्या त्यांना पुस्तक दिले जाते, परंतु ते उघडण्याआधीच त्यांचे अस्तित्व समाप्त करण्यात येते. तरी कोणत्याही एका टेस्टमध्ये, पाटी पुसण्यापूर्वी, त्यांना एक संपूर्ण रविवार देण्यात यावा, ही नम्र विनंती. सोबत खुर्ची जोडावी."