आवो, पळा ना!

मैनाचा आवाज आता फक्त त्या भिकार गेममध्ये उरला होता, आणि त्याच आवाजावर अख्खा महाराष्ट्र खिदळत होता. सांगा, गोरक्षनं करायचं काय?

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. ‘दणका गोरक्षचा’ नावाचा एक सिनेमा आला आणि आला तसा गेला. त्याच्यावर कॉम्प्युटरचा गेम बनवायचं काम पंचवटीतल्या आपल्या गोरक्षला मिळालं. हिरोचं नाव आपलंच, म्हणून गडी हरखून गेला. पैसा नाही, माणसं नाहीत, मुदत आठवडाभराची! हिरो पुलावरून उलटा चालायचा, बैल हवेत तरंगायचे. हिरोच्या बहिणीच्या आवाजासाठी बाई कुठून आणणार? त्यानं बायकोलाच बसवलं. पंखा बंद, डोक्यावरून गोधडी आणि तोंडापुढे माईक.

“बैल अंगावर येतो तेव्हा ओरडायचं, ‘गोरक्ष, पळ!’ बस्स, एवढंच.”

मैना सटाण्याकडची. नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हटल्यावर गोधडीच्या आतच लाजून लाल झाली.

“उखाण्यात घेते हवं तर. पण अशी हाक मारायची? नाही बाई!”

“अगं, तो सिनेमातला गोरक्ष!”

“असू दे. नाव तर तुमचंच ना?”

त्यानं हात जोडले, चिडला, शेवटी हसला. आणि मैना घामाघूम होऊन ओरडली, “आवो, पळा ना!” तेच गेममध्ये गेलं. सख्खी बहीण भावाला ‘आवो’ म्हणते, हे तेव्हा कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. येणार कसं? गेम खेळलाच नाही कुणी.

करोनात मैना गेली. तिचा फोन दवाखान्यातच हरवला. लग्नाच्या कॅसेटवर नुसती सनई. मग गोरक्षनं ती जुनी सीडी शोधून काढली. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान उघडायच्या आधी रोज सकाळी आत बसून तो गेम लावायचा, हिरोला पुलावर उभा करायचा आणि बैल अंगावर येऊ द्यायचा. बैल आला की मैना हाक मारायची. मग तो डोळे पुसून शटर वर करायचा. तेवढ्यावर त्याचा दिवस निघायचा.

अन् कुठून तरी पुण्याच्या सुयश नावाच्या पोराच्या हाती हा गेम लागला. त्यानं यूट्यूबवर टाकला, ‘मराठीतला सगळ्यात टुकार गेम’ म्हणून. झालं! रील्स निघाली, टी-शर्ट निघाले, गल्लीतली कार्टी एकमेकांना ‘आवो, पळा ना’ म्हणून दात काढायला लागली. गोरक्षच्या काळजाला नुसत्या इंगळ्या डसत होत्या.

त्याच सुयशनं नाशकात गेमवेड्या पोरांचा मेळावा भरवला आणि गोरक्षला पाहुणा म्हणून बोलावलं. गोरक्षनं पांढरा शर्ट इस्त्री केला. त्याला वाटलं, एकदा खरं काय ते सांगून टाकू, म्हणजे पोरं गप्प बसतील. माणसांचीच लेकरं आहेत शेवटी.

गंगापूर रोडवरचा हॉल खच्चून भरला होता. गोरक्षनं माईक धरला.

“तो आवाज माझ्या बायकोचा आहे. नवऱ्याचं नाव घेत नव्हती ती, म्हणून तसं म्हणाली. ती आता नाही. तिचा दुसरा आवाज माझ्याकडे नाही. हसू नका रे, एवढंच मागतो.”

पुढच्या रांगेतल्या मुली रडायला लागल्या. सुयशचेही डोळे भरून आले. पोरगं वाईट नव्हतं हो, तेच तर वाईट झालं! त्यानं गोरक्षला मिठी मारली आणि माईक घेतला.

“मित्रांनो, मैनाकाकूंसाठी एकदा, मनापासून!”

आणि सगळा हॉल उठून एका दमात ओरडला, “आवो, पळा ना!” ओरडता ओरडताच पोरांना हसू फुटलं. मागून शिट्ट्या आल्या, टाळ्या पडल्या. लोक आपल्याकडे बघताहेत म्हणून गोरक्षही कसनुसा हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दुकानात सीडी लावली. हिरो पुलावर उभा केला. बैल तरंगत तरंगत आला. मैनानं जीव तोडून हाक मारली.

आणि गोरक्षला खुदकन हसू आलं.

त्यानं झटकन तोंडावर हात दाबला. पण हसू येऊन गेलं होतं.