चौथऱ्यातला दगड

रामाकोना गावाजवळच्या टेकडीत, आमच्या संत्र्याच्या बागेच्या वर, एक गुहा आहे. तिच्या तोंडाशी एक लांबट काळा दगड आडवा पडलेला होता. गोट्यानं ठोकला की घंटेसारखा वाजायचा आणि गुहेत घुमून आवाज खाली बागेपर्यंत यायचा. माझी बायको कुसुम तिकडे शेळ्या चारायची. जेवायची वेळ झाली की तीन ठोके द्यायची. मी काम उरकून उशिरा चढायचो.

"कान बागेतच पुरले का जी?" ती म्हणायची.

मागच्या वर्षी ती गेली. तिची आठवण म्हणून मी तो दगड उभा करून सिमेंटच्या चौथऱ्यात बसवला. नंतर कधी ठोकला नाही. हिंमत झाली नाही.

परवा नागपूरहून तृप्ती मॅडम आल्या. हजारो वर्षांपूर्वी गुहेतली माणसं काय वाजवत असतील, ते त्या वाजवून बघतात आणि रेकॉर्ड करतात. हाडाची बासरी, कातड्याचा ढोल घेऊन आल्या होत्या. दगडाचं मीच फोनवर सांगितलं होतं.

त्यांनी ठोकला. ठक्. पुन्हा ठोकला. ठक्.

"काका, आधी कसा होता हा?"

"आडवा. दोन गोट्यांवर टेकलेला. खालून मोकळा."

"म्हणून वाजत होता. सिमेंटनं त्याचा गळा आवळला."

कुसुमचा आवाज कशातच रेकॉर्ड केलेला नाही. ते तीन ठोकेच होते, आणि ते मीच बंद केले.

चौथरा बांधणाऱ्या प्रफुल्ल मिस्त्रीलाच छन्नी घेऊन बोलावलं.

"तवाच म्हटलं होतं, इतकं सिमेंट कायले! आता तडकला तं माह्या नावानं बोंबलू नका, रघुनाथराव."

"तू हळू मार ना बापा!"

त्याच्या प्रत्येक घावाला मी डोळे मिटत होतो. दुपारी दगड सुटला. तिघांनी मिळून तो दोन गोट्यांवर आडवा ठेवला. मॅडमनी ठोकायला गोटा माझ्यापुढे धरला.

"मी नाही," मी म्हटलं. "मी खालूनच ऐकायचो. खाली पोचलो की तीन ठोके द्या."

बागेत उभा राहिलो. बराच वेळ काहीच नाही. तडकला असेल, आतून फुटला असेल.

मग आला. जरा बारीक, पण तोच. एक, दोन, तीन.

"येऊन राहिलो!" मी ओरडलो आणि पळत सुटलो.

वर पोचलो तेव्हा मॅडम हसत होत्या. "काका, ठोक्यांबरोबर तुमची हाकही रेकॉर्ड झाली. परत वाजवावं लागेल."

"वाजवा," मी म्हटलं, आणि पुन्हा खाली निघालो.