गुलाबाचा चोथा

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा हंडा आहे, पण मला आंघोळीच्या पाण्याचा हंडा समजू नका. माझ्या पोटात गुलाब उकळतात. वाफ झाकणावरच्या नळीतून जाते, थंड होऊन पाणी होते आणि त्या पाण्यावर तरंगते ते अत्तर. बल्गेरियातल्या गुलाबांच्या खोऱ्यात, माझ्या आताच्या मालकाच्या, म्हणजे नेदेल्चोच्या आजोबांनी मला एका तांबटाकडून ठोकून घेतले. तेव्हापासून मी या भट्टीवर बसलो आहे आणि माझे बरे चालले आहे.

मे महिना लागला की आमच्याकडे कोणाला झोप नसते. बायका दवातच फुले खुडतात, कारण ऊन चढले की वास उडतो. दुपारच्या आत सगळी फुले माझ्या पोटात हवीत. पाहुणे येतात, अत्तराची इवलीशी कुपी नाकाशी धरतात आणि डोळे मिटतात. माझेही कौतुक होते. एकाने तर माझ्यासोबत फोटो काढून घेतला होता. मी नेमका काजळीने माखलेला होतो, याचे मला अजून वाईट वाटते.

पण अत्तर निघाल्यावर माझ्या तळाशी उरतो तो चोथा. ओला, तपकिरी, डोंगराएवढा. तो फावड्याने ओढून मागच्या ओढ्यात लोटायचा, अशीच रीत होती. ओढा महिनाभर काळपट वाहायचा आणि आंबट वास मारायचा. खालच्या गावची माणसे मेंढ्यांना तिथे पाणी पाजेनाशी झाली. शेवटी नगरपालिकेने बजावले, की येत्या हंगामानंतर ओढ्यात चोथा दिसला तर भट्टीला कुलूप लागेल. नेदेल्चोने आधी आरडाओरडा केला, मग त्याचे जेवण कमी झाले. एक भंगारवाला येऊन माझ्या पोटावर टिचक्या मारून गेला. मित्रांनो, त्या वेळी मी खरोखर घाबरलो.

अशा वेळी शहरातल्या विद्यापीठातून विहरा आली. ती रसायनशास्त्र शिकवायची आणि चोथ्यातून लोकरीसाठी रंग काढता येतो का, ते शोधत होती. शेजारच्या गावात कामेनची लोकरीची गिरणी होती. त्यालाही नदी न नासवणारा रंग हवा होता. तिघांचे ठरले. चोथा नेदेल्चोचा, अभ्यास विद्यापीठाचा, लोकर कामेनची. हंगामाच्या सुरुवातीला दोन गोण्या चोथा पाठवा, एवढेच विहराने मागितले.

आता आमच्या माणसांचा स्वभाव तुम्हाला सांगायला हवा. पाहुणा आला की नेदेल्चोची बायको गेर्गिना चीज भरून भाजलेल्या गरम बानित्साचा मधला, सगळ्यात चांगला तुकडा आधी त्याच्यापुढे ठेवते. अशा घरातून विद्यापीठात उकळलेला चोथा कसा पाठवायचा? नेदेल्चोचे मन होईना. माझ्यासाठी आणलेल्या पाट्यांमधली टवटवीत फुले त्याने ओंजळीओंजळीने चोथ्याच्या गोण्यांत कालवली. गरम चोथ्यात ती लगेच कोमेजून मिसळून गेली. मी बघत होतो, पण हंड्याला कोण विचारतो!

विहराच्या लोकरीला नाजूक गुलाबी रंग चढला. सगळे खूश झाले. हंगामाच्या शेवटी ती स्वतः आली, कामेनही आला. या वेळी तिने बाह्या वर सारून माझ्याच तळातून चोथा काढला आणि अंगणातच लोकर रंगवली. लोकर बाहेर आली ती तपकिरी. गुलाबीचा मागमूसही नव्हता.

कामेनचा चेहरा उतरला. विहरा पुन्हा पुन्हा आपली मापे तपासू लागली. चूक आपलीच, असे म्हणत तिने त्याची माफीही मागितली. नेदेल्चो गप्प राहिला असता तर सगळा दोष तिच्यावर गेला असता, आणि भट्टीची आशाही तिथेच संपली असती. गेर्गिनाने नवऱ्याकडे पाहिले.

"सांग आता," ती म्हणाली. "का मी सांगू?"

नेदेल्चोने टोपी काढली. "पोरी, तुझं काही चुकलं नाही. त्या गोण्यांत मी ताजी फुलं घातली होती. नुसता चोथा पाठवायचा म्हणजे पाहुण्याला खरकटं वाढल्यासारखं वाटलं मला."

विहराने मापांची वही मिटली. "काका, मी खरकटंच तर मागायला आले होते."

कामेन खाली बसला. त्याने ती तपकिरी लोकर पिळली, साबणाने चोळली, पुन्हा पिळली. पाणी स्वच्छ निघाले.

"आता खरं बोलायचंच ठरलंय, तर मीही बोलतो," तो म्हणाला. "तो गुलाबी रंग दोन धुण्यांत उडाला होता. बाई एवढ्या आनंदात होत्या, म्हटलं कशाला हिरमोड करा. हा बघा, धनगराच्या डगल्याचा रंग. हा टिकतोय. हा मी विकू शकतो."

गेर्गिना इतकी हसली की तिला पायरीवर बसावे लागले. अशी ही सभ्य माणसे! एकमेकांचे मन राखता राखता त्यांनी मला भंगारात घातलेच होते.

त्यानंतर भट्टीला कुलूप लागले नाही. आता चोथा गाडीतून गिरणीत जातो. रंग काढून उरलेले कुजवून त्याचे खत करतात आणि ते गुलाबांच्या ओळींत पसरतात. दर मे महिन्यात विहराचे विद्यार्थी येतात. त्यांचे हात कुपीकडे जातात, तेव्हा ती त्यांना थांबवते. "वास नंतर घ्या. आधी तळ बघा." मग ती मुले माझ्या काठावरून वाकतात, गरम चोथा हातात घेतात आणि प्रश्न विचारतात. इतकी वर्षे लोकांनी माझी नळी पाहिली, कुपी पाहिली. माझा तळ पाहायला आलेले हेच पहिले पाहुणे, आणि मला ते फार आवडतात.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, चिंचेने किंवा लिंबाने, एवढे तर मी मागेनच. पण आणखी एक मागतो. तुमच्या मदतीला कोणी मनापासून आले, तर त्याला ताजी फुले दाखवू नका. आपला चोथाच दाखवा. थोडी लाज वाटेल, पण त्याला काम करता येईल ते त्याच्यावरच.